पाचवा पर्याय

फ्रोसो: चूक कशी? तू म्हणतेस म्हणून चूक?

दाफ्नी: मी नाही म्हणत, फ्रोसोमावशी. उत्तरसूची म्हणते.

फ्रोसो: उत्तरसूची लिहिणाऱ्याची पवनचक्की पाडली होती का कुणी?

दाफ्नी: लेखकाचीही नव्हती ती. तो नुसता तिथून चालला होता.

फ्रोसो: आणि चालता चालता त्याला दिसलं की पणजोबांच्या काळची चक्की पाडून तिथे हॉटेल उभं केलंय. पोहायच्या तलावासकट. आता तू सांग, काय झालं असेल त्या माणसाच्या जिवाचं?

दाफ्नी: त्यानेच लिहिलंय काय झालं ते. तिसरा परिच्छेद, शेवटची ओळ. वाचा, आणि आपल्या भाषेत सांगा.

फ्रोसो: ‘हे काहीसं खेदजनक आहे, असं म्हणावं लागेल.’

दाफ्नी: म्हणून लेखकाचा दृष्टिकोन?

फ्रोसो: म्हणून ‘अ’. संतापाने पेटलेला.

दाफ्नी: मावशी.

फ्रोसो: आतून गं. आतून पेटलाय. इंग्रज आहे बिचारा, ओरडता येत नाही त्याला.

दाफ्नी: परीक्षेत आतलं विचारत नाहीत. कागदावर जेवढं आहे तेवढंच विचारतात. उत्तर ‘क’. किंचित खेद.

फ्रोसो: किंचित खेद मला खालचा पाववाला लवकर बंद झाला की होतो. त्यावर मी चार परिच्छेद लिहीत बसत नाही.

दाफ्नी: तुम्ही नाही बसत. ते बसतात.

फ्रोसो: रविवारी जेवताना हा उतारा मी घरी सगळ्यांना वाचून दाखवला. आपल्या भाषेत करून. माझा दीर म्हणाला, लेखकाला हॉटेलवाल्याने पैसे चारलेत, म्हणून तो बेताने बोलतोय. बहीण म्हणाली, त्याची बायको गेलेली दिसते, चक्की हे निमित्त. भाचा म्हणाला, ही चक्की मुळात आपल्या ग्रीसची, इंग्रजांनी कधीतरी उचलून नेली असेल. दोन तास वाद चालला. मटण गार झालं. पण ‘किंचित खेद’ असं एकजणही म्हणाला नाही बरं.

दाफ्नी: म्हणूनच तुमच्या घरातलं कुणी पास होत नाही.

फ्रोसो: आता तू मला घालूनपाडून बोल. लहानपणी आमच्या आर्गिरिसबरोबर अभ्यासाला यायचीस तेव्हा माझ्या हातचं खाताना गोड लागत होतं.

दाफ्नी: अजूनही लागतं. पिशवीत काय आहे?

फ्रोसो: पिता, पालकाची भाजी भरून भाजलेली. बरोबर उत्तर आल्याशिवाय उघडणार नाही, माझीच मला अट आहे.

दाफ्नी: मग आज आपण दोघी उपाशी राहणार. हे बघा, मी सरळ बोलते. परवा यानिनाला इंग्रजीची परीक्षा. तुमची तिसरी वेळ. तुमचं व्याकरण माझ्या शाळकरी पोरांपेक्षा पक्कं आहे, शब्द तोंडपाठ आहेत, ऐकण्याच्या भागात तुम्ही उत्तम. आणि दोन्ही वेळा गेलात त्या याच एका प्रश्नावर. लेखकाला काय वाटतं.

फ्रोसो: पहिल्या वेळी मला कणकण होती.

दाफ्नी: पहिल्या वेळी तुम्ही छापलेले चारही पर्याय खोडून खाली स्वतःच्या हाताने पाचवा लिहिलात. बाहेर येऊन तुम्हीच मला ऐटीत सांगितलंत.

फ्रोसो: चारही खोटे होते, काय करू मग?

दाफ्नी: काय लिहिलं होतंत?

फ्रोसो: ‘लेखक थापा मारतो आहे. याने कधी कुत्रा पाळलेला नाही.’

दाफ्नी: ते यंत्र तपासतं, मावशी. पेन्सिलने भरलेला गोल सोडून त्याला काही दिसत नाही. तुमच्या पाचव्या पर्यायाचा त्याने काय विचार करावा?

फ्रोसो: यंत्राला कळत नाही म्हणून खरं खोटं होतं का? मी स्वतः कुत्री पाळली आहेत. ज्याने पाळलं तो ‘सोबतीचा प्राणी’ म्हणत नाही. नावाने हाक मारतो.

दाफ्नी: दुसऱ्या वेळी मधमाश्या होत्या. उत्तर ‘तटस्थ’. तुम्ही भरलंत ‘भक्तिभावाने भारलेला’.

फ्रोसो: माश्या कशा नाचतात हे इतकं बारकाईने कोण बघेल? भक्तच बघेल. आणि तटस्थ म्हणजे काय असतं? मी जन्मात तटस्थ माणूस पाहिला नाही. आमच्या गल्लीत मांजर व्यायली तरी दोन पक्ष पडतात.

दाफ्नी: बरं. पुन्हा पहिल्यापासून. टोकाचे पर्याय आधी उडवायचे. संतप्त, शोकाकुल, भारावलेला, हे सगळे गेले. मग बघायचं, हे लेखक स्वतः म्हणतो की दुसरं कुणी म्हणालं ते सांगतो. दुसऱ्याचं मत लेखकाच्या पदरी बांधायचं नाही. मग ‘पण’ कुठे येतो ते शोधायचं.

फ्रोसो: ‘पण’च्या मागचं शिष्टाचाराचं, पुढचं मनातलं. आलं लक्षात. वहीत तीनदा लिहिलंय.

दाफ्नी: आणि ‘उदासीन’?

फ्रोसो: कधीच नाही.

दाफ्नी: का?

फ्रोसो: ज्याला काही पडलेलं नाही तो कशाला लिहायला बसेल. हे एक मात्र तू शहाणपणाचं शिकवलंस. आमचे हे होते ना, थिमिओस, देव त्यांना शांती देवो, अख्ख्या संसारात त्यांनी एक ओळ लिहिली नाही.

दाफ्नी: म्हणून ते उदासीन होते असं नाही सिद्ध होत.

फ्रोसो: तू त्यांच्याबरोबर राहिली नाहीस.

दाफ्नी: मावशी, मी हसत नाहीये. तुम्हालाही हसून चालणार नाही. यंदापासून हंगामी भरती बंद. त्या प्राचीन नाट्यगृहावर एकच कायमचा रखवालदार घेणार आहेत, आणि इंग्रजीचं प्रमाणपत्र नसेल तर तुमचा अर्ज उघडूनसुद्धा बघणार नाहीत.

फ्रोसो: मला सांगतेस? त्या दगडांवर मी एप्रिल ते ऑक्टोबर उभी असते. कुठल्या पायरीवर पाय सटकतो, कुठल्या फटीत सरडा राहतो, ऊन कधी कुठे येतं, सगळं मला ठाऊक. शिट्टी गळ्यात असली की मी कुणीतरी असते. नोव्हेंबर लागला की मी थिमिओसची विधवा. खिडकीत बसते आणि बोटी मोजते.

दाफ्नी: म्हणून तर म्हणते.

फ्रोसो: पेनसुद्धा पाद्रीबाबांकडून वेदीवर ठेवून आणलंय. एक नाही, दोन. एकाची शाई संपली तर.

दाफ्नी: गोल पेन्सिलने भरायचे असतात.

फ्रोसो: पेन्सिल पण ठेवायला हवी होती का?

दाफ्नी: उतारा ठेवला असतात तर बरं झालं असतं.

फ्रोसो: थट्टा कर तू. नाहीच जमलं तर नाही. माझं काही अडून राहिलेलं नाही. आर्गिरिस तर तिकडे जर्मनीत, ब्रेमेनला, डोळे लावून बसलाय माझ्या वाटेकडे. घराला कुलूप घालायचं आणि चालू पडायचं. सगळी गल्ली म्हणते, फ्रोसो नशिबाची, आजकाल कुठला मुलगा आईला बोलावतो.

दाफ्नी: जायचंय तुम्हाला?

फ्रोसो: तो प्रश्न परीक्षेत नाही.

दाफ्नी: बरं.

फ्रोसो: तुला लेखक बघायचा ना, खरा लेखक? हा बघ. गेल्या महिन्यात त्याने पाठवलेला संदेश. यात कसली शंका नाही, काही शोधावं लागत नाही. याच्यावर प्रश्न काढ, मी डोळे मिटून उत्तर देते. आपल्याच भाषेत आहे, पण सराव तो सराव.

दाफ्नी: खासगी आहे ना तो.

फ्रोसो: खासगी कसला? सगळ्या गल्लीला वाचून दाखवलाय. पाववाल्याला दोनदा. वाच मोठ्याने.

दाफ्नी: ‘आई, ये ना. येच. खोली तयार आहे. छोटी आहे, पण खिडकी आहे. जिने बरेच आहेत, लिफ्ट नाही, पण हळूहळू सवय होईल. हाइके म्हणते, तिचं कामाचं टेबल स्वयंपाकघरात लावू, तिला चालेल. हिवाळा इथे लांबतो, पण तू लोकरीचं घालतेसच. शेजारी शांत असतात, त्यांना मोठ्याने बोललेलं आवडत नाही, पण तू काही दिवसभर बोलत नाहीस. ईस्टरला आलो होतो तेव्हा तुझ्या पलंगाचं माप घेऊन ठेवलं होतं. इथे भिंतीला लावला की बरोबर मावतो. नीट विचार कर आणि कळव. घाई नाही.’

फ्रोसो: झालं? काढ प्रश्न.

दाफ्नी: मावशी, आपण तो दीपगृहाचा उतारा करू. तो राहिलाय.

फ्रोसो: दीपगृह कुठे पळून जात नाही. काढ.

दाफ्नी: आईने येण्याबद्दल लेखकाचा दृष्टिकोन काय आहे. ‘अ’, आनंदाने भारावलेला. ‘ब’, रागावलेला. ‘क’, आतुर. ‘ड’, उदासीन.

फ्रोसो: थांब. ‘ड’ कधीच नाही, ते गेलं. ‘ब’ नाही, रागावण्यासारखं मी काही केलं नाही. ‘अ’ टोकाचा, तुझ्या नियमाने उडाला. उरला ‘क’.

दाफ्नी: बरोबर. ‘क’. उघडा पिता.

फ्रोसो: नाही.

दाफ्नी: का?

फ्रोसो: तू खरं उत्तर घातलंच नाहीस.

दाफ्नी: घातलंय. ‘क’.

फ्रोसो: पोरी, मी तुझ्याकडे दोन वर्षं शिकते. किती पर्याय वाचलेत मी तुझ्या हातचे. तू चारांत एक मुद्दाम बावळट घालतेस, एक टोकाचा, एक फसवा आणि एक खरा. आज तीन बावळट घातलेस आणि एक फसवा. खरा तुझ्या पोटात राहिला.

दाफ्नी: मला त्यातलं काय कळणार? तुमचा मुलगा आहे.

फ्रोसो: तुझे नियम तर आहेत? ‘हाइके म्हणते, तिला चालेल.’ हे कुणाचं मत?

दाफ्नी: हाइकेचं. तुमच्या सुनेचं.

फ्रोसो: लेखकाचं नाही. लेखकाला चालेल की नाही ते कुठे लिहिलंय?

दाफ्नी: ‘येच’ लिहिलंय.

फ्रोसो: ते पहिल्या ओळीत. शिष्टाचार. पुढे ‘पण’ मोज.

दाफ्नी: पण माझ्याच नियमाने ‘पण’च्या पुढचं खरं धरायचं. खिडकी आहे, सवय होईल, लोकर आहे. सगळं चांगलंच आहे की पुढे.

फ्रोसो: ज्याला मनापासून हवं असतं तो इतके ‘पण’ घालत नाही. मी तुला जेवायला बोलावते तेव्हा काय म्हणते? ये. संपलं. खुर्ची मोडकी आहे पण बसता येतं, असं म्हणते का? आणि शेवटी काय? घाई नाही. ज्याला हवं असतं त्याला घाई असते, दाफ्नी.

दाफ्नी: हे तुम्हाला कधी कळलं?

फ्रोसो: आला त्याच दिवशी. पहिल्या वाचनात.

दाफ्नी: आणि तरी गल्लीभर वाचत फिरलात?

फ्रोसो: मोठ्याने वाचलं की आनंदाचं वाटतं. माझा आवाजच तसा आहे.

दाफ्नी: मावशी, म्हणजे तुम्हाला दिसतं. तो चक्कीवाला काहीसा खेद म्हणतो ते तुम्हाला बरोबर दिसतं.

फ्रोसो: दिसत नाही होय? मी आंधळी आहे का? एवढी माणसं बघितली त्या दगडांवर. कोण कुणाबरोबर मनाविरुद्ध आलंय ते मला पायऱ्या चढतानाच कळतं.

दाफ्नी: मग मोठ्या भावनेवर खूण का करता? दोनदा नापास झालात त्यापायी.

फ्रोसो: हात धजत नाही. एकदा ‘किंचित’वर खूण करायची सवय लागली की ती कागदावर थोडीच राहते. मग फोनवरही तेच ऐकू येणार. ‘कशी आहेस, बरी ना, चल ठेवतो.’ त्यापेक्षा माणूस पेटलेला बरा, नाहीतर भारावलेला. निदान मोठा तरी दिसतो.

दाफ्नी: तुम्ही खरं उत्तर काय लिहाल? लिहायचंच झालं तर?

फ्रोसो: खाली. पाचवा. ‘मनातून नको आहे, पण नाही म्हणवत नाही.’

दाफ्नी: अर्धं बरोबर.

फ्रोसो: आता अर्धं कसं?

दाफ्नी: तुम्ही एक ओळ सोडलीत. नेहमी सोडता, घाईने शेवटाकडे धावता. पलंग.

फ्रोसो: पलंगाचं काय?

दाफ्नी: ईस्टर एप्रिलमध्ये झाला. तुम्ही परीक्षेचा अर्ज भरून मोकळ्या झाला होतात, जाण्याचं तेव्हा कुणी काढलंही नव्हतं. तुमच्या नकळत त्याने टेप काढून तुमचा पलंग मोजला, ती मापं ब्रेमेनला नेली आणि तिथे भिंतीला लावून बघितली. ज्याला नुसतं नको असतं तो हे करत नाही.

फ्रोसो: मला वाटलं पलंगाखाली बोळा फिरवतोय. म्हटलं, जर्मनीत राहून सुधारला.

दाफ्नी: आणि तुमचाच पलंग का? नवा घेता आला असता.

फ्रोसो: दुसऱ्यावर मला झोप लागत नाही. त्याला माहीत आहे ते. लहानपणापासून.

दाफ्नी: मग?

फ्रोसो: मग हवीही आहे आणि नकोही आहे.

दाफ्नी: त्याला शब्द आहे. तुम्ही पाठ केलाय. ‘द्विधा’. परीक्षेत फार वेळा येतो, आणि तुम्ही एकदाही त्यावर खूण केलेली नाही.

फ्रोसो: मला वाटायचं तो भित्र्या माणसांसाठी आहे.

दाफ्नी: घाबरतच असेल तो. इकडे आई, तिकडे बायकोचं टेबल.

फ्रोसो: माझं लेकरू. टेप घेऊन जमिनीवर बसला असेल.

दाफ्नी: रडताय का?

फ्रोसो: किंचित. दे तुझं ते दीपगृह.

(ऑगस्टची अखेर. तीच खोली, पंखा चालू, टेबलावर मिठाईचा पुडा.)

दाफ्नी: अजून एक घेते. काठावर का होईना, पास ते पास.

फ्रोसो: काठावर कसली, यंत्राने कंजूषपणा केला. घे, घे, सगळ्या गल्लीला वाटून उरलेत. आणि नजर नको लागायला, थू थू थू.

दाफ्नी: त्या दिवशी फोनवर तुम्ही काही धड सांगितलंच नाहीत. उतारा कशावर होता?

फ्रोसो: गावातल्या घड्याळजीवर. म्हातारा दुकान बंद करतोय. लेखक म्हणतो, ‘हे बहुधा होणारच होतं.’ चारांत ‘शोकाकुल’ समोरच बसलेला, मला खुणावत. हात निघालाच होता तिकडे. मग मी डावा हात उजव्यावर ठेवला आणि दाबून धरला. पर्यवेक्षिका येऊन विचारते, बाई, बरं वाटत नाही का?

दाफ्नी: आणि भरलंत काय?

फ्रोसो: ‘मान्य केलेलं, थोड्या हळहळीसह.’ भरल्यावर मनात त्या म्हाताऱ्याची माफी मागितली.

दाफ्नी: नाट्यगृहाचं पत्र?

फ्रोसो: आलं. एक तारखेपासून कायम. नोव्हेंबरातसुद्धा. पावसात कुणी येणार नाही, पण मी असणार. आता एकच काम राहिलंय, म्हणून तुझ्याकडे आले. आर्गिरिसला कळवायचंय की मी येत नाही. मी लिहिलंय, तू तपास.

दाफ्नी: ‘सोन्या माझ्या, काळजाचे तुकडे होतायत, रात्रंदिवस डोळ्याला डोळा नाही, पण देवाच्या मनात…’ मावशी.

फ्रोसो: फार झालं?

दाफ्नी: हे वाचलं तर तो तुम्हाला न्यायला गाडी घेऊन येईल.

फ्रोसो: नको बाई. मग सांग, मी पुसून लिहिते.

दाफ्नी: तुमच्या मनात नेमकं काय आहे?

फ्रोसो: नोकरी लागली याचा आनंद आहे. त्याला निवडावं लागलं नाही, याचा त्याहून आहे. आणि त्या खोलीत पलंग कसा दिसला असता, तेही डोळ्यांपुढून जात नाही.

दाफ्नी: मग तेवढंच लिहा. चार ओळींत.

फ्रोसो: ‘आर्गिरिस, मी पास झाले. नाट्यगृहावर कायम लागले, त्यामुळे यायला जमणार नाही. हाइकेला सांग, टेबल आहे तिथेच राहू दे. पलंग मोजलास ते बरं केलंस. थोडं वाईट वाटतंय.’

दाफ्नी: छान आहे.

फ्रोसो: ‘थोडं’ पुरेल? ‘फार’ करू?

दाफ्नी: तुम्हीच ठरवा. लेखक तुम्ही आहात.

फ्रोसो: ‘थोडं’च राहू दे. वाचणारा घरचा आहे.